डॉक्टर गवई होतात

दातांच्या डॉक्टरला बघून कोणाला आनंद झाला, असं सहसा होत नाही. बाजारात ओळखीचं कोणी समोर आलं की ते हसू अर्ध्यावर सोडून ओठ मिटून घेई, आणि उपचार मध्येच टाकून गेलेला एखादा तर रस्ताच बदले. आमच्या या डॉक्टरांना त्याची सवय झाली होती. माणूस खरं तर लोण्यासारखा मऊ. सुई टोचताना पेशंटच्या आधी त्यांचाच चेहरा कसनुसा व्हायचा. पण दाढ ठणकते तेव्हाच माणसं दातांच्या डॉक्टरची आठवण काढतात आणि ठणका थांबला की दारावरून खाली मान घालून जातात, त्याला कोण काय करणार?

दवाखाना खाली, घर वर. दवाखाना मुळात त्यांच्या वडिलांचा. वडील थकले तेव्हा मुलगा शिकून तयारच होता. खुर्ची नवी घेतली, दिवा नवा घेतला, पाटी मात्र तीच ठेवून तिच्यावरचं पहिलं नाव तेवढं बदलून घेतलं. आडनाव जुन्याच रंगात राहिलं. बायको शाळेत भूगोल शिकवायची. मुलगी एकुलती एक. लहानपणी काही ना काही उचलून घरात आणायची म्हणून तिला मुंगी म्हणत. ही मुंगी आता दुसऱ्या शहरात पाण्याच्या पाइपलाइनचे नकाशे काढायच्या नोकरीला होती.

ती गेल्यापासून फोन नेमाने व्हायचे, पण बाप-लेकीचं बोलणं कधी लांबलं नाही.

"जेवलीस का?"

"हो. तुम्ही?"

"हो. बरं चाललंय ना?"

"हो."

"आईला देतो."

मग आई आणि मुंगी घटकाभर बोलत, आणि डॉक्टर शेजारी बसून आईच्या उत्तरांवरून मुंगीचे प्रश्न ओळखायचा प्रयत्न करत. माया दोन्हीकडे होती, पण तिला शब्दच फुटत नव्हते.

सुट्टीत घरी आली तेव्हा मुंगीच्या बहुधा ते लक्षात आलं असावं. जायच्या आदल्या दिवशी तिने घरातल्या कॉम्प्युटरवर एक गेम टाकून दिला. "बाबा, रविवारी दुपारी आम्ही तिघं मिळून हा खेळतो. एक माणूस कमी पडतं. तुम्ही या ना."

"मला पत्तेसुद्धा धड येत नाहीत, मुंगे."

"शिकाल. आधी फक्त क्लास निवडायचा."

"क्लास? म्हणजे आता शिकवणी लावायची का?"

मुंगी खळखळून हसली. मग तिने समजावून सांगितलं. या खेळात आपण एक राज्य फिरायचं, आणि फिरताना आपण कोण आहोत ते आधी ठरवायचं. योद्धा असतो, तो पुढे राहून मार खातो. जादूगार लांबून जाळपोळ करतो. धनुर्धर असतो, चोर असतो, वैद्य असतो, गवई असतो. प्रत्येकाचं काम वेगळं. "आमच्याकडे डोंगर म्हणून एक मुलगा आहे, तो योद्धा. काडी जादूगार. मी धनुर्धर. जखमा भरायला कोणी नाही, म्हणून आम्ही सारखे मरतो. तुम्ही वैद्य व्हा. डॉक्टरच आहात, तुम्हाला जड जाणार नाही."

डॉक्टर वैद्य झाले. दुसरं काही होता येतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

पहिल्या रविवारी हेडफोन लावून ते बसले तेव्हा त्यांना जरा गंमत वाटली. डोंगर म्हणजे मुंगीच्या ऑफिसात हिशेब बघणारा मुलगा. फोटोत काडीपैलवान, पण आवाज असा की कानातला मळ निघावा. काडी ही मुंगीच्या खोलीवरची मैत्रीण, एका वाचनालयात कामाला. दिवसभर लोकांना 'हळू बोला' सांगायची आणि रविवारी दिसेल त्याला आग लावायची. दोघं त्यांना काका म्हणाले. सगळं छान होतं. पण लढाई सुरू झाली आणि कानात एकच गलका उठला.

"काका, आधी मला बघा."

"काका, माझं रक्त संपत आलंय."

"बाबा, किती वेळ? मी केव्हाची थांबलेय."

डॉक्टर इकडे मलम लावत, तिकडे पट्टी बांधत. एकाला बरं करावं तो दुसरा बेशुद्ध. जो बरा झाला तो मागे वळूनही न बघता पळाला. तीन-चार रविवार हेच चाललं. एकदा खेळ संपल्यावर हेडफोन काढून ते पाठ चोळत बसले होते, तेव्हा बायकोने उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यातून डोकं वर काढलं.

"अहो, दवाखाना रविवारी बंद असतो ना? मग चेहरा असा का?"

"तेच कळत नाहीये," डॉक्टर म्हणाले. "सोमवारी जे करतो तेच रविवारी करतोय, आणि तेही फुकट."

"मग दुसरं काही तरी व्हा. तुम्हाला काय कोणी बांधून ठेवलंय?"

ती सहज बोलून गेली आणि पुन्हा लाल पेन घेऊन नद्यांचे उगम दुरुस्त करू लागली. डॉक्टर मात्र तिच्याकडे बघतच राहिले.

त्या आठवड्यात दवाखाना बंद झाल्यावर ते रोज थोडा वेळ वर कॉम्प्युटरपाशी बसू लागले. आधी योद्धा होऊन पाहिलं. चिलखत घातलं, हातात कुऱ्हाड घेतली, पण समोरच्याला मारताना तोंडातून 'सॉरी' निघे. एका लांडग्याला तर 'थोडं दुखेल हं' म्हणाले. मग जादूगार झाले. त्यात मंत्र इतके, की कुठला कशासाठी हे आठवेपर्यंत समोरच्याने फडशा पाडलेला असे. चोर होऊन एका दुकानात शिरले आणि दुकानदाराने वळून पाहिल्याबरोबर वस्तू जागच्या जागी ठेवून बाहेर आले.

राहिला गवई. चित्रात पीस खोवलेली टोपी, गळ्यात तंतुवाद्य, आणि चेहऱ्यावर उधारीची फिकीर नसल्यासारखं हसू. खाली लिहिलं होतं की हा फारसा लढत नाही, याच्या गाण्याने बरोबरच्यांना बळ येतं. डॉक्टरांनी तो निवडला. मग तो कसा दिसावा हे ठरवायची पाळी आली, आणि त्यात त्यांची सबंध संध्याकाळ गेली. उंची स्वतःएवढी ठेवली. पोट आधी सपाट केलं, मग खोटं वाटलं म्हणून थोडं पुढे काढलं. केस कानापर्यंत रुळणारे घेतले. आणि मिशा. लग्नापासून घरात मिशांना बंदी होती, म्हणून इथे त्यांनी टोकाला पीळ दिलेल्या, भरघोस, कोंबड्याच्या शेपटीसारख्या मिशा लावल्या.

बायकोने येताजाता पाहिलं. "हे कोण ध्यान?"

"मी," डॉक्टर म्हणाले.

गेममधल्या शहराच्या चौकात त्यांचा गवई जाऊन उभा राहिला. कुठली कळ दाबावी ते नीट ठाऊक नव्हतं. त्यांनी एक दाबली तर वाद्य वाजू लागलं. चौकातून कुठलासा अनोळखी खेळाडू चालला होता, पाठीवर त्याच्याहून मोठी तलवार. तो थांबला, वळला, आणि नाचायला लागला. मग आणखी एक आला. एक बाई अस्वलावर बसून आली, खाली उतरली आणि तीही नाचू लागली. अस्वल बाजूला बसून राहिलं. डॉक्टरांना बघून इतकी माणसं स्वतःहून जवळ आली, असं आजवर झालं नव्हतं. जेवायला हाकांवर हाका झाल्या तरी ते जागचे हलले नाहीत. शेवटी वाढलेलं सूप गार झाल्याचं बायकोने येऊन सांगितलं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर तिला असं काही दिसलं की ती सूप पुन्हा गरम करायला घेऊन गेली.

रविवारी ते मिशांसकट हजर झाले.

"काका," डोंगर म्हणाला, "आपला वैद्य कुठे गेला?"

"राजीनामा दिला त्याने."

"अहो, पण गवई म्हणजे नुसता तोंडी लावण्यापुरता. आज आपल्याला ड्रॅगनच्या गुहेत जायचंय."

गेले ते गेलेच. गुहेत खाली लाव्हा रसरसत होता आणि मधल्या खडकावर ड्रॅगन. या ड्रॅगनची खोड अशी, की तो मध्येच डरकाळी फोडी. डरकाळी ऐकली की भय चढे, आणि भय चढलं की खेळाडूच्या हातात काही राहत नसे. त्याचं पात्र आपोआप वाट फुटेल तिकडे पळत सुटे. डरकाळी झाली आणि डोंगर बोंबलत लाव्ह्यात गेला. काडी भिंतीवर आपटली. मुंगी उलट्या दिशेने दाराबाहेर. डॉक्टरांनी लगबगीने धीर देणारं गाणं सुरू केलं, पण तोवर ऐकायला कोणी शिल्लक नव्हतं. ते एकटेच ड्रॅगनच्या उघड्या जबड्यासमोर उभे होते. त्यांनी सवयीने आत पाहिलं. ठेवण वाईट होती आणि निगा शून्य. पुढच्या क्षणी तेही संपले.

असं पुन्हा झालं, आणि पुन्हा. खेळ आटोपता घेताना डोंगर एवढंच म्हणाला, "वैद्य असता तर निभावलं असतं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुंगीचा फोन आला, तोही आईच्या नाही, डॉक्टरांच्या फोनवर.

"बाबा, रागावू नका. पण तुम्ही पुन्हा वैद्य व्हाल का? डोंगरचं म्हणणं बरोबर आहे हो. आणि तुम्हाला ते काम येतंही."

डॉक्टर दवाखान्यात हत्यारं उकळायला लावत होते. त्यांनी हात पुसले. नेहमीप्रमाणे 'बरं' म्हणून फोन वर नेऊन द्यायचं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"येतं म्हणूनच नको वाटतं, मुंगे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"तुझे आजोबा दातांचे डॉक्टर. दवाखाना होता, खुर्ची होती, पाटी होती. मी बारावी झालो तेव्हा कुठे जायचं हे कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. वाईट झालं असं नाही म्हणत मी. काम चांगलं आहे, लोकांचं दुखणं थांबतं. पण परवा त्या तुझ्या गेममध्ये सगळी चित्रं ओळीने मांडलेली, आणि खाली लिहिलेलं, 'तुम्ही कोण होणार?' असं मला यापूर्वी कोणी विचारल्याचं आठवत नाही."

मग मुंगी म्हणाली, "विचारलं असतं तर काय झाला असता?"

"काय माहीत? गाता तर मला येत नाही, तुझी आई साक्ष देईल. कदाचित दातांचाच डॉक्टर झालो असतो. पण निवडून."

"मला वाटायचं, तुम्हाला हेच हवं होतं."

"तुलाही कधी सांगितलं नाही ना मी."

मग मुंगी तिच्याबद्दल बोलू लागली. ऑफिसात दिवसभर नकाशे काढते ते पाइप प्रत्यक्षात कसे दिसतात हे तिने अजून पाहिलंच नव्हतं, आणि साहेबांना 'मला साइटवर पाठवा' म्हणायचा धीर होत नव्हता. डॉक्टर ऐकत राहिले. मध्येच विचारत राहिले. भांड्यातलं पाणी आटून करपल्याचा वास आला तेव्हा कुठे फोन संपला.

"बाबा," ठेवताना ती म्हणाली, "तुम्ही गवईच राहा. डोंगरला मी बघते."

आता डॉक्टरांवर जबाबदारी आली. मुलीने बाजू घेतली म्हटल्यावर गवयाने काही तरी करून दाखवायला हवं होतं. पण धीराचं गाणं म्हटलं तरी भय उतरत नव्हतं, त्याला इलाज सापडेना.

तो सापडला खुर्चीतल्या पेशंटकडून. घरसामान हलवायचं काम करणारा एक आडदांड माणूस अक्कलदाढ काढायला आला होता. एकटा कपाट उचलेल असा गडी, पण खुर्चीत बसला आणि हातांनी दोन्ही दांड्या अशा धरल्या की त्या उखडून येतात की काय असं वाटावं. डॉक्टर नेहमीप्रमाणे बोलू लागले. पियानो जिन्यावरून कसा उतरवतात, फ्रिज आडवा का करू नये, असं काहीबाही विचारत राहिले. मध्येच हिरडीला बधिर करायचं औषध लावलं, मध्येच सुई दिली, थोड्या वेळाने दाढ काढून ताटलीत ठेवली.

कापूस चावून बसल्यावर त्या माणसाने आरशात पाहिलं आणि जड जिभेने म्हणाला, "झालं? मला कळलंच नाही. तुम्ही आधीपासूनच बोलत होतात ना, त्यामुळे. मागचे डॉक्टर मी घाबरल्यावर समजवायचे. भीती एकदा बसली आणि मग कोणी 'घाबरू नका' म्हणालं, की मला जास्तच धडकी भरते."

डॉक्टर चिमटा हातात धरून तसेच उभे राहिले.

"काय झालं?" पेशंट दचकला. "राहिली का आत?"

"नाही, नाही. सगळी निघाली," डॉक्टर म्हणाले. "तुमच्यामुळे माझंच एक काम झालं." आणि इतके हसले की तो बिचारा पावती विसरून बाहेर पडला.

पुढच्या रविवारी गुहेच्या तोंडाशी त्यांनी सगळ्यांना थांबवलं. "डरकाळी फोडायच्या आधी तो मान मागे घेतो आणि श्वास भरतो. मी त्याच्या तोंडाकडेच बघत असतो, म्हणून लक्षात आलं. तुम्ही तुमचं काम करा. मी गाणं त्याआधीच धरतो."

"आणि जखमा?" डोंगरने विचारलं.

"औषधाच्या बाटल्या घेतल्यात ना? ज्याच्या त्याने प्यायच्या. रविवारी दवाखाना बंद असतो."

काडी फिसकन हसली, आणि ते आत शिरले.

ड्रॅगनने मान मागे नेली. डॉक्टरांनी कळ दाबली. कळ दाबली की वाद्य आपलं आपण वाजतं, पण त्यांना ते पुरेसं वाटेना म्हणून ते तोंडानेही गुणगुणू लागले. सूर एकीकडे, ताल दुसरीकडे. हेडफोनमध्ये डोंगरचं हसू फुटलं. तेवढ्यात डरकाळी झाली, गुहा हादरली, छतावरून दगड पडले, आणि कोणीही पळालं नाही.

"अरे, आपण उभे आहोत," काडी म्हणाली.

"काका, थांबू नका," डोंगर म्हणाला, "कितीही बेसूर असू दे."

मग डॉक्टर मागे फिरले नाहीत. मागे पडणाऱ्याच्या बाजूला जाऊन गायचं, पुढे गेलेल्याला जोर यावा म्हणून चाल बदलायची, ड्रॅगनने श्वास घेतला की पुन्हा धीराचं धरायचं. सगळ्यांकडे एकाच वेळी लक्ष ठेवायचं, पण कोणाच्याही जखमेला हात न लावता. त्यांना असं वाटलं की आपण लढाईत नसून कोणाच्या तरी लग्नात आहोत. शेवटी शेवटी डोंगर पडला. काडीच्या बाटल्या संपल्या. मुंगीचे बाण सुटत होते, ड्रॅगन गुडघ्यावर आला होता, पण जायचं नाव घेत नव्हता. डॉक्टर घाईत भलतीच कळ दाबून बसले आणि त्यांच्या गवयाने गळ्यातलं वाद्य काढून सरळ ड्रॅगनच्या जबड्यावर हाणलं. ड्रॅगन आडवा झाला.

"बाबा, तुम्ही मारलंत त्याला," मुंगी म्हणाली.

"चुकून," डॉक्टर म्हणाले. "पण खालची उजवी दाढ तशीही काढावीच लागली असती."

त्यानंतर बराच वेळ कोणी गेम बंद केला नाही. डोंगर उठून बसला, सगळे मेलेल्या ड्रॅगनच्या शेपटीवर बसले आणि गप्पा रंगल्या. डोंगर म्हणाला की लहानपणापासून आपल्याला सगळे हडकुळा म्हणत, म्हणून आपण योद्धा झालो, आणि मुंगीने साहेबांशी बोलल्याचं सांगितलं. ते अजून 'बघू' म्हणत होते, पण तिने विचारलं होतं. काडीने गवयाच्या मिशांचा पत्ता मागितला.

डॉक्टरांच्या पाठीमागे कोणी तरी उभं होतं. उत्तरपत्रिका टेबलावरच राहिल्या होत्या आणि बायको चष्मा कपाळावर सरकवून पडद्याकडे बघत होती.

"या नकाशात उत्तर दिशा दाखवलेली नाही," ती म्हणाली. "माणसं हरवतील नाही तर काय?"

"आई आहे का तिथे?" हेडफोनमधून मुंगीने विचारलं. "बाबा, तिला म्हणावं ये. अजून वैद्याची जागा रिकामी आहे."

डॉक्टरांनी निरोप सांगितला. बायकोने क्षणभर विचार केला, मग हाताने खूण करून त्यांना खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसली. नवीन पात्राचं पान उघडलं. योद्धा, जादूगार, धनुर्धर, चोर, वैद्य, गवई. तिने चष्मा खाली ओढला आणि पहिल्यापासून वाचायला घेतलं.

"मुंगी म्हणतेय, 'वैद्यावर दाब, आई,'" हेडफोनचा एक कान स्वतःकडे धरून डॉक्टरांनी तिला सांगितलं.

"कोणी घाई करायची नाही," बायको म्हणाली. "सगळं वाचल्याशिवाय मी ठरवत नसते. चोराबद्दल इथे बरंच लिहिलंय, ते आधी बघू दे."

डॉक्टरांनी हेडफोन तिच्या डोक्यावर चढवला आणि चहा टाकायला आत गेले.